हंड्यात काय पडते? रानकांदा ओळखण्याचा एक धडा

वाचनासाठी: 2 राजे 4:38–41



गिलगाल येथे दुष्काळ पडला होता. अलीशाने शिष्यांसाठी हंडा चढवायला सांगितले. एक जण रानात भाजी आणायला गेला आणि अनोळखी वेलीची फळे ओटीत भरून घेऊन आला. त्याचा हेतू चांगलाच होता, पण अन्न तोंडात गेल्यावर सगळ्यांना कळले की हंड्यात मरण आहे.

हा उतारा मी पूर्वी पुष्कळदा शिकवला. त्याचा अर्थ मला खरा समजला तो जव्हार भागात, आमच्या वसतिगृहाच्या चुलीपाशी. पहिला पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मुलांबरोबर मी टेकडीवरून कुलूची भाजी खुडून आणली. हिलाच कुणी फोडशी म्हणतात. भाजी निवडायला बसलेल्या वारली आजींनी माझ्या टोपलीत हात घातला आणि एक जुडी बाजूला काढली. म्हणाल्या, “बाय, ही कुलू नाय. ही कोळकांद्याची पाने.” त्या दिवशी तीस मुले जेवणार होती.

कोळकांदा विषारी आहे. त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. जुन्या औषधशास्त्रात त्यांचा वापर मोजून केला जाई. भाजीत मोजमाप नसते. पुष्कळ ठिकाणी त्यालाच रानकांदा म्हणतात, आणि ‘कांदा’ या नावानेच माणूस फसतो. नाव गावागणिक बदलते, म्हणून नावावर विसंबू नये. मी आजींकडून आणि पुढे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतून शिकले ते असे :

1. वास. पान ताज्या हाताने चुरगळावे. खऱ्या कांद्याच्या कुळात, म्हणजे ॲलियममध्ये, कांद्या-लसणाचा वास येतोच. असे रानटी कांदे आपल्या देशात मुख्यतः हिमालयात होतात. उत्तराखंडात फोडणीला घालतात ते फरण त्यांतलेच. कोळकांद्याला हा वास नाही. मात्र आधीच्या पानाचा वास बोटांना राहतो, म्हणून दर वेळी हात धुवावेत. कुलूलाही कांद्याचा वास नसतो, त्यामुळे तिच्यासाठी पुढची खूण पाहावी लागते.

2. जमिनीखालचा भाग. एक रोप मुळासकट उपटावे. कोळकांद्याखाली पांढरट, पापुद्र्यांचा गड्डा निघतो, अगदी घरच्या कांद्यासारखा. त्याच्या रसाने हाताला खाज सुटते. कुलूखाली गड्डा नसतो, मुळांचा झुबका असतो. आमच्या टोपलीचा निकाल याच खुणेने लागला.

3. फुलाची वेळ. कोळकांद्याचा दांडा उन्हाळ्यात, पाने नसताना, उघड्या जमिनीतून वर येतो. पाने त्यानंतर पावसात येतात. कुलूची पाने आधी येतात आणि पांढरी फुले मागाहून. भाजी खुडण्याच्या दिवसांत दोघांचीही नुसती पानेच दिसतात. धोका आहे तो इथेच.

4. फुलांची मांडणी. खऱ्या कांद्याची सगळी फुले दांड्याच्या टोकाला एकाच जागेतून छत्रीसारखी फुटतात. कोळकांद्याची मळकट फुले दांड्यावर एकामागून एक, दूर दूर लागतात. पण छत्री दिसली म्हणजे कांदाच, असेही नाही. सुदर्शनची फुलेही तशीच टोकाला येतात. त्याला कांद्याचा वास नसतो आणि त्याचा गड्डा खाल्ल्यास उलट्या होतात.

तेव्हा एका खुणेवर निर्णय करू नये. चव घेऊन तर कधीच पाहू नये. शंका असेल ती जुडी टाकून द्यावी. कुणी चुकून खाल्ले, उलट्या होऊ लागल्या, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णाला आणि त्या रोपालाही दवाखान्यात न्यावे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आजींना हे कुणी पुस्तकातून शिकवले नव्हते. आईच्या मागे रानात फिरून त्या शिकल्या. आमची मुले पावसाळाभर वसतिगृहात असतात. आम्ही त्यांना अक्षरे देतो, पण त्याच दिवसांत रानाची ओळख त्यांच्या हातून सुटते. म्हणून आता दर पावसाळ्यात एक शनिवार आजी शिकवतात, मुले वहीत रोपांची चित्रे काढतात, आणि मीही त्यांच्यात बसते.

अलीशाने हंडा ओतून दिला नाही. त्याने पीठ मागवले, आणि लोक जेवले. आमच्या हंड्यावर प्रभूने एका म्हातारीचे डोळे ठेवले होते.

चर्चेसाठी प्रश्न
1. भाजी आणणाऱ्या शिष्याचा हेतू चांगला असूनही काय चुकले?
2. आपण ज्यांची सेवा करतो त्यांच्याकडून शेवटचे काय शिकलो?
3. आपल्या मंडळीत कोणत्या वडीलधाऱ्यांचे ज्ञान अजून कुणी विचारलेले नाही?

प्रार्थना : हे प्रभू, चांगल्या हेतूबरोबर आम्हांला पारखही दे. आमेन.