अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्याचा अभ्यास

स्त्रियांच्या कर्तृत्वाचा गौरव करण्याची प्रथा आता गावोगावी रूढ झाली आहे. ८ मार्च आला की पंचायतीच्या सभागृहात, शाळेत व तालुक्याच्या कचेरीत समारंभ होतात. शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात, छायाचित्रे काढली जातात. ही प्रथा स्तुत्यच आहे. तथापि, जिचा गौरव करावयाचा त्या स्त्रीने नेमके काय केले, कोणत्या अडचणींतून मार्ग काढला आणि तिच्या कामातून गावाने काय शिकावे, याचा विचार अशा प्रसंगी क्वचितच होतो. गौरवाला अभ्यासाची जोड मिळाली तरच त्याचे चीज होते. या दृष्टीने महाराष्ट्रातील दोन शिक्षिकांचे कार्य मुद्दाम अभ्यासावे असे आहे. त्यांची नावे अनेकांना ठाऊक आहेत. त्यांची कार्यपद्धती मात्र तितकीशी परिचित नाही.

दोन वाटा, एक कार्य

ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी १९१४ साली संपादन केली. स्त्रियांच्या उच्च शिक्षणाविषयी समाज साशंक होता असा तो काळ. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. एखाद्या सुशिक्षित स्त्रीला आयुष्यभर पुरावे असे मानाचे ते स्थान होते. परंतु भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या दक्षिणामूर्ती बालमंदिरातील प्रयोग त्यांना अधिक मोलाचा वाटला आणि १९२३ साली त्या गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. मादाम मॉन्टेसरी यांच्या बालशिक्षणाच्या तत्त्वांना भारतीय रूप देण्याचे काम तेथे चालू होते. त्यातूनच १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला आणि मराठी ‘शिक्षणपत्रिके’द्वारे पालकांचे व शिक्षकांचे प्रबोधन केले.

अनुताई वाघ यांची वाट याहून फार निराळी होती. १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि त्यानंतर अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य, अशी त्यांच्या आयुष्याची सुरुवात झाली. त्या काळातील बालविधवेच्या वाट्याला घरातील एक कोपरा येत असे. अनुताईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण भागात शिक्षिका म्हणून काम केले आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागा शाळेत अनेक वर्षे अध्यापन केले. दिवसा शिकवावयाचे व रात्रीच्या शाळेत शिकावयाचे, असा क्रम ठेवून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या तेव्हा १९६१ साल उजाडले होते आणि त्यांचे वय एक्कावन्न होते.

१९४५ साली बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या वतीने भरलेल्या शिबिरात या दोघींची गाठ पडली. शहरातील सुस्थित घरांतील मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग बरेच झाले. ते खेड्यातील गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचतील काय, हा प्रश्न त्या वेळी ताराबाईंच्या मनात घोळत होता. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या, तर अनुताई पस्तीस वर्षांच्या. त्याच वर्षाच्या अखेरीस समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डीचा धडा

बोर्डीचा परिसर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली झालेल्या विभाजनानंतर तो पालघर जिल्ह्यात आला. ज्या वर्षी बोर्डीत बालवाडी निघाली त्याच वर्षी, म्हणजे १९४५ साली, डहाणू-उंबरगाव भागातील वारली शेतमजूर गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. ज्या घरात कर्ते माणूसच जमीनदाराच्या वेठीला बांधलेले, त्या घरात मुलाच्या शिक्षणाचा विचार कोणी व कधी करावयाचा, असा तो काळ होता.

साहजिकच बालवाडीचे दार उघडले म्हणून वस्तीतील मुले आपोआप आत आली नाहीत. मुले येत नाहीत याचा दोष पालकांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होणे सोपे होते, आणि बहुतेक ठिकाणी तसेच होत असे. या दोघींनी मात्र कारणे शोधली. आईबाप पहाटेच मजुरीला जातात. थोरले भावंड धाकट्याला कडेवर घेऊन सांभाळते. त्याहून मोठे मूल गुरे राखते. अंगावर धड कपडा नाही म्हणून मूल गावातील स्वच्छ मुलांत यावयास लाजते. अशा स्थितीत मुलांनी शाळेत यावे ही अपेक्षा बाजूला ठेवून शाळेनेच मुलांकडे जावे, असा निर्णय त्यांनी घेतला.

येथूनच बालवाडीचे दोन प्रकार आकारास आले. एक, ठरावीक जागी भरणारी मध्यवर्ती बालवाडी आणि दुसरी, वस्तीतील एखाद्या घराच्या अंगणात, तेथील लोकांच्या सोयीच्या वेळी भरणारी अंगणातील बालवाडी. शिक्षिकेने वस्तीत जावयाचे, मुलांना गोळा करावयाचे, त्यांचे हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दुरून हे पाहत. घाणेरडे म्हणून ज्यांना कोणी जवळ करीत नसे त्या आपल्या मुलांना बाई स्वतः न्हाऊ घालीत आहेत, हे दृश्य उपदेशाच्या शंभर भाषणांहून अधिक परिणामकारक ठरले असल्यास नवल नाही.

साधनांचा प्रश्न

मॉन्टेसरी पद्धतीचा मुख्य आधार म्हणजे शास्त्रशुद्ध रीतीने तयार केलेली साधने. ती महाग असत आणि खेड्यात मिळत नसत. साधनांसाठी अनुदान येईपर्यंत थांबावयाचे ठरविले असते, तर काम तेथेच अडले असते. त्याऐवजी साधनामागील तत्त्व ओळखण्यात आले. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत, रंगांतील छटा व संख्येची कल्पना यांची ओळख मुलाला इंद्रियांद्वारे व्हावी, हा त्या साधनांचा हेतू. मग शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, काटक्या, माती ही सारी साधनेच नव्हेत काय? समुद्रकाठ आणि जंगल यांनी ती विनामूल्य पुरविली. मुलाच्या परिचयाच्या वस्तू, परिचयाची गाणी आणि परिचयाची बोली यांच्या आधारे शिक्षण सुरू झाल्यामुळे शाळेविषयीचे परकेपणही कमी झाले.

शिक्षकांनी या मुद्द्याचा विशेष विचार करावा. आजही एखाद्या शाळेत वा अंगणवाडीत साहित्याची पेटी कुलपात जपून ठेवलेली आढळते आणि मुले रिकाम्या हाताने बसलेली दिसतात. वस्तूंची नोंद साठा-नोंदवहीत राहते. तिचा उपयोग मुलाच्या हातात होतो, हे मात्र विसरले जाते.

कोसबाडची टेकडी

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे वारली वस्तीत नेण्यात आले. येथे अडचणींचे स्वरूप अधिक बिकट होते आणि उपायही त्या प्रमाणात नवे शोधावे लागले. बालवाडीत येणारे मूल सहा वर्षांचे झाले की त्याला प्राथमिक शाळेत जावयाचे असते; परंतु त्याच वयात ते गुरे राखावयास लागते. म्हणून गुरे चरतात त्या माळावरच शिक्षण देणारी कुरणशाळा निघाली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्याकडे तान्हे मूल असते. म्हणून शाळेलगत पाळणाघर हवे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच परिसरात आणणारी ‘विकासवाडी’ ही कल्पना या गरजेतून पुढे आली. धाकटे भावंड पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली मुलगी वर्गात, अशी ही व्यवस्था होती. मुलींच्या शाळागळतीचे कारण वर्गाबाहेर असू शकते आणि उपायही वर्गाबाहेरच करावा लागतो, हे कोसबाडने दाखवून दिले.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अनुताईंनी ही धुरा सांभाळली. १९८२ साली रमेश पानसे यांच्यासमवेत त्यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. त्यांना पद्मश्री व जमनालाल बजाज पुरस्कार प्राप्त झाला. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन शिक्षण क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावे. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा बोर्डीला येऊन त्यांना जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे होत आली होती.

प्रयोगाकडून योजनेकडे

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक पोषण, शालापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि पोषण व आरोग्यविषयक शिक्षण अशा सहा सेवा एकाच ठिकाणी देण्याची ही योजना. तिच्या केंद्राला नाव मिळाले ते अंगणवाडी. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली, सहा वर्षांखालील किमान ४० बालके असलेल्या वस्तीला मागणीनुसार अंगणवाडी मिळावी असा आदेश दिला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीमार्फत आहार मिळण्याचा हक्क दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. ज्या वयाच्या मुलांसाठी बोर्डीत अंगण झाडले गेले, त्या वयाचे महत्त्व देशाच्या धोरणात मान्य होण्यास पाऊणशे वर्षे लागली.

येथे एका प्रश्नाकडे डोळेझाक करून चालणार नाही. ताराबाई व अनुताई यांचे काम आज अंगणवाडी सेविका व मदतनीस करतात. त्यांपैकी बहुतेकजणी त्याच गावच्या रहिवासी असतात. आहार, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ, गृहभेटी, नोंदी आणि सर्वेक्षण हे सारे सांभाळून मुलांना गाणी-गोष्टींसाठी वेळ द्यावयाचा असतो. त्यांच्या कामाला दीर्घकाळ ‘मानसेवा’ मानले गेले आणि त्याचा मोबदला ‘मानधन’ म्हणून देण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळण्याचा हक्क असल्याचा निर्णय दिला. सेवेला नोकरीचे मोल असते, ही गोष्ट अशा रीतीने कायद्याच्या भाषेत सांगितली गेली. अनुताईंच्या प्रतिमेला हार घालावयाचा आणि गावच्या सेविकेची अडचण ऐकून घ्यावयाची नाही, ही विसंगती गौरव समारंभांनी दूर केली पाहिजे.

पंचायतींसाठी बोध

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या सूचीत महिला व बालविकास हा विषय आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची आहे. अधिकार, माणसे व निधी या तिन्ही गोष्टी अशा प्रकारे हाताशी आहेत. त्यांचा विनियोग कसा करावा, याविषयी कोसबाडच्या अनुभवातून पुढील गोष्टी घेता येतील.

(१) अंगणवाडीत नाव असूनही न येणाऱ्या बालकांची यादी महिला सभेत वाचावी आणि प्रत्येक बालकाबाबत कारण विचारावे. अंतर, वेळ, धाकटे भावंड की हंगामी स्थलांतर, हे कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

(२) दूरच्या पाड्यावर केंद्र नसल्यास तशी मागणी ठरावाद्वारे नोंदवावी. इमारत होईपर्यंत एखादे अंगण, ओटा किंवा समाजमंदिर उपलब्ध करून द्यावे.

(३) शेतीच्या हंगामात मजुरीला जाणाऱ्या आयांच्या तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर चालविता येईल काय, याचा १० टक्के निधीच्या संदर्भात विचार करावा.

(४) प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांची दरमहा एकत्र बैठक व्हावी. म्हणजे पहिलीत येणारे मूल शाळेला अपरिचित राहणार नाही.

(५) सेविकेची पाण्याची, स्वच्छतागृहाची, जागेची व मानधनाच्या विलंबाची तक्रार ग्रामसभेच्या इतिवृत्तात घ्यावी आणि पुढील सभेत तिचा निकाल सांगावा.

यांतील एकही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही. वस्तीत जाऊन कारण विचारणे आणि त्या कारणाप्रमाणे व्यवस्था बदलणे, हेच या दोन शिक्षिकांनी आयुष्यभर केले. येत्या ८ मार्चला गावच्या समारंभात अंगणवाडी सेविकेला शाल जरूर द्यावी. त्याच सभेत न येणाऱ्या मुलांची यादी तिच्याकडून मागून घ्यावी आणि ती यादी पूर्ण वाचून झाल्याखेरीज सभा संपवू नये.