जुन्या मोटारींतील सेन्सरचा वारंवार उद्भवणारा दोष व त्याचें निदान

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दाराशीं आज दहाबारा वर्षांची जुनी मोटार उभी असते. बैल आजारी पडला तर त्याचे डोळे, नाक व शेण पाहून दुखणें ओळखणारा शेतकरी, मोटारींत इंजिनाचा पिवळा दिवा लागला कीं मात्र गोंधळून जातो व कोणी सांगेल तो सुटा भाग मुकाट्यानें विकत घेतो. भाग बदलूनहि तोच दोष पुनः पुनः कां येतो व त्याचें मूळ कसें शोधावें, हें स्वानुभवाच्या आधारें येथें सांगावयाचें आहे.

हकीकत : प्रस्तुत लेखकाच्या बारा वर्षांच्या पेट्रोल मोटारीचा दिवा गेल्या पावसाळ्यांत लागला. तपासणी-यंत्र लावतां 'पी ०११८' हा सांकेतिक अंक आला. मिस्त्रींनीं इंजिनाच्या पाण्याची उष्णता मोजणारा सेन्सर बदलला, अंक पुसला, दिवा विझला. आठ दिवसांनीं तो पुनः लागला. दुसरा नवा सेन्सर बसविला, पुनः तेंच. शेवटीं एके पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजारास जात असतां, वाटेंत चहापुरती थांबविलेली गाडी पुनः सुरू होईना. माल पोंचला तेव्हां लिलाव आटोपला होता, व जुड्या पडेल भावानें द्याव्या लागल्या.

सेन्सरचें कार्य : हा सेन्सर म्हणजे उष्णतेनुसार विद्युत्-रोध बदलणारा एक लहानसा खडा होय. पाणी थंड असतां रोध अधिक, तापतां कमी. पुष्कळ गाड्यांत तो २० अंश सेल्सियसला सुमारें २,५०० ओहम व ८० अंशांस सुमारें ३०० ओहम असतो. इंजिनाचा संगणक एका ठराविक रोधांतून ५ व्होल्टचा दाब सेन्सरकडे पाठवितो, तारेवर किती व्होल्ट उरतात यावरून उष्णता ठरवितो व त्या मानानें पेट्रोल सोडतो.

आतां तार पूर्ण तुटली, तर संगणकास इंजिन उणे ४० अंश इतकें गार भासतें. तार अर्धवट तुटली, तर तिचा रोध सेन्सरच्या रोधांत मिळून तापलेलें इंजिनहि गार भासतें; मग पेट्रोल जास्त सुटतें, धूर काळा येतो व तापलेली गाडी पुनः सुरू होण्यास अडते. 'पी ०११८' याचा अर्थ 'सेन्सर बिघडला' असा नसून 'या मार्गावर व्होल्ट प्रमाणाबाहेर वाढले' एवढाच आहे. दोष सेन्सर, कनेक्टर, तार किंवा क्वचित् संगणक यांपैकीं कोठेंहि असूं शकेल. हे अंक निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्यांस समान असतात. अमेरिकेंत ही पद्धति १९९६ पासून नव्या मोटारींस सक्तीची झाली.

तपासणीचा क्रम :

(१) अंक पुसूं नये. दोषाच्या क्षणीं संगणकानें नोंदलेला वेग, फेरे व उष्णता प्रथम कागदावर उतरून घ्यावी.

(२) इंजिन पूर्ण थंड असतां पाण्याची पातळी पाहावी. गरम असतां रेडिएटरचें झांकण कदापि उघडूं नये.

(३) रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चावी सकाळीं इंजिन सुरू न करतां फिरवावी. यंत्रावर पाण्याची व आंत येणाऱ्या हवेची उष्णता जवळजवळ सारखी दिसली पाहिजे.

(४) इंजिन चालू ठेवून, पंखा व पट्टा यांपासून हात दूर राखून, तारांचा जुडगा हळूहळू हलवावा. आकडा एकाएकीं उडी मारील तेथें दोष समजावा.

(५) इंजिन बंद करून चावी फिरवावी व कनेक्टर काढावा; आकडा उणे ४० वर जावा. सेन्सर दोनच तारांचा असेल तर कनेक्टरचीं दोन्ही टोकें तारेच्या तुकड्यानें जोडावीं. आकडा १२० च्या वर जावा. तसें झाल्यास तारा व संगणक त्या वेळेपुरते निर्दोष असून संशय सेन्सरवर येतो. तसें न झाल्यास मल्टिमीटरवर ५ व्होल्ट दाखविणारी तार बॅटरीच्या ऋण टोकास लावावी. आकडा चढला तर परतीची तार तुटली आहे. एकाहि तारेवर ५ व्होल्ट नसतील, तर संकेताची तार किंवा संगणक तपासावा.

निष्कर्ष : आमच्या गाडीचा दोष चौथ्या कृतींत सांपडला. जुडगा धरून ठेवणारी चिमटी तुटली होती, व खड्ड्यांतून जातांना तार कनेक्टरजवळ सारखी वांकत होती. वरचें आवरण शाबूत, पण आंतील तांब्याचे तंतू तुटलेले. प्रत्येक वेळीं सेन्सर बदलतांना तार हलून तंतू एकमेकांस टेकत, आणि गुण नव्या सेन्सरच्या पदरीं पडे! काढलेले दोन्ही सेन्सर घरीं गरम पाण्यांत थर्मामीटरसह बुडवून मोजले. ते निर्दोष ठरले. तार जोडून झाळली, आवरण चढविलें, थोडी ढील ठेवून नवी चिमटी लावली. त्यानंतर दिवा लागला नाहीं.

ज्यांची गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या कोठीशेजारीं उभी असते, त्यांनीं उंदरांनीं कुरतडलेल्या तारा आधीं पाहाव्या. पान पिवळें पडलें म्हणून मूळ न पाहतां खत ओतीत राहणें जसें व्यर्थ, तसेंच मोजमाप न घेतां भाग बदलणें होय. दिवा विझला म्हणजे दोष गेला, असें मानूं नये. कारण सांपडलें म्हणजेच तो गेला.