गिझर चालू ठेवून मोजा

बारडोलीत उसाचं गाळप सुरू झालं की हवेला मळीचा आंबूस वास येतो. नंदुरबार सोडून इथे येऊन मला बरीच वर्षं झाली, नाकाला आता त्याचं काही वाटत नाही. म्हणूनच त्या हिवाळ्यात मागच्या न्हाणीघराकडून करपट वास आला आणि बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळतंय," तेव्हा मी सहज म्हणून गेलो, "कारखान्याचा असेल." तीन दिवस माझं हेच उत्तर होतं. आणि मी दहावीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवतो.

मूळ दुखणं निराळंच होतं. पाणी तापायला फार वेळ लागायचा. गिझर १५०० वॅटचा. मी मल्टिमीटर काढला, गिझरचा प्लग उपसला आणि सॉकेटमध्ये पिना घातल्या. २३२ व्होल्ट. लाइन उत्तम, म्हणजे गिझरच कमी पडतो, असा निकाल देऊन मी २००० वॅटचा आणला. वास सुरू झाला तो त्यानंतर.

चौथ्या दिवशी वायरमनकाका आले. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मास्तर, गिझर चालू असताना मोजलंत का?" मग गिझर चालू ठेवून शेजारच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. २०२ व्होल्ट! क्लॅम्पमीटरवर ७.६ अँपिअर. पुढच्या बोर्डावर तेव्हाही २३२च होते.

आता हिशोब पाहा, तो सहावी-सातवीतल्या मुलालाही जमेल. बोर्डापासून न्हाणीघरापर्यंत येताना ३० व्होल्ट गळाले. ३० भागिले ७.६, म्हणजे वाटेतला रोध जवळजवळ ४ ओहम. ३० गुणिले ७.६, म्हणजे २२८ वॅट भिंतीतच खर्च होत होते. गिझरला पोचत होते २०२ गुणिले ७.६, म्हणजे १५३५ वॅट. दोन हजारांचे पैसे मोजून मी जुन्या गिझरवर छापलेला आकडा विकत आणला होता. जुन्याच्या वाट्याला तर जेमतेम सव्वाबाराशे येत असणार. १९२८ साली याच बारडोलीने सरकारची २२ टक्के सारावाढ मान्य केली नाही आणि ब्रूमफील्ड-मॅक्सवेल चौकशीत ती ६.०३ टक्क्यांवर आली. छापील आकडा तपासून घ्यावा, हे इथे राहून तरी मला सुचायला हवं होतं.

पैशाचं नुकसान किरकोळ. रोज अर्धा तास धरला तर ०.११ युनिट. खरी गोष्ट पडवीत होती. तिथे वाशाखाली जुनी तार आणि नवी तार पीळ देऊन जोडली होती, वर काळी टेप. ती टेप मऊ पडून तपकिरी झाली होती, बोट लावलं असतं तर चिकटली असती. काकांनी सांध्याच्या दोन बाजूंना मीटर धरला. ५ व्होल्ट. ५ गुणिले ७.६, म्हणजे ३८ वॅट, शेंगदाण्याएवढ्या जागेत. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. सांधा आधीही तापतच होता. पण उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह सुमारे ५.९ वरून ७.६ वर गेला आणि सांध्यातली उष्णता दीडपटीहून जास्त झाली. आग मी स्वतः विकत आणत होतो.

"पण एमसीबी का पडला नाही?" मी विचारलं. आजही प्रत्येक जण मला हेच विचारतो. एमसीबीला कळतो फक्त जास्तीचा प्रवाह. सैल सांधा रोध वाढवतो, म्हणजे प्रवाह उलट कमी करतो. घर पेटेपर्यंत एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीकच असतं.

तेव्हा पाणी उशिरा तापत असेल, इस्त्री सुस्त असेल, तर उपकरण बदलण्याआधी ते चालू ठेवून त्याच लाइनवरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज पाहा. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, तो बरा. बंद आणि चालू यांतला फरक ७ व्होल्टांपेक्षा जास्त असेल तर मी वायरमनला बोलावतो. सांधा उघडून चालू लाइनवर मोजणं मात्र त्याचंच काम, आपण तिथे हात घालू नये.

आणखी एक. व्होल्टेजच्या वर्गाला वॅटने भागून रोध काढायचं सूत्र तापणाऱ्या वस्तूंपुरतंच वापरा. २००० वॅटच्या गिझरचा २६.४५ ओहम येतो, मीटरवरही जवळपास तेवढाच दिसतो. मोटरच्या गुंडाळीचा रोध मीटरवर या सूत्राच्या उत्तरापेक्षा बराच कमी दिसेल, म्हणून ती जळाली असं समजून रिवाइंडिंगला टाकू नका. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर केले तरी खरे वॅट मिळत नाहीत. पिवळ्या बल्बचा थंड तारेचा रोधही असाच फसवतो.

काकांनी बोर्डापासून थेट न्हाणीघरापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली, मध्ये एकही सांधा नाही. आता गिझर चालू असताना २२८ व्होल्ट दिसतात. जुना १५०० वॅटचा गिझर यावर आरामात पुरला असता. तो मी आधीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता.