कडीत कडी

हुपरी हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं गाव. चांदीच्या पैंजणांसाठी ते सगळीकडे माहीत आहे. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा घरात कड्या जोडायचं काम चालू होतंच. मामंजींनी ते मला हाताला धरून शिकवलं, आणि पुढं मी माझ्या मनाच्या साखळ्या बसवायला लागले. इतक्या वर्षांत हाताला जे कळलं, ते नव्यानं शिकणाऱ्या मुलींसाठी लिहून ठेवते आहे.

१. आधी भोक ठरवा, मग तार

नवीन मुलगी आली की ती कडीचा आकार बघते. मामंजी सांगायचे, "कडी बघू नको, कडीतलं भोक बघ." साखळीचं सगळं वागणं त्या भोकावर आहे. साध्या साखळीत प्रत्येक कडीच्या पोकळीत शेजारच्या दोन कड्यांच्या तारा बसतात. तार १ मिलिमीटर आणि आतली पोकळी २ मिलिमीटर घेतली तर त्या दोन तारा मावतात, पण इतक्या गच्च की साखळी वळायचं नाव घेत नाही. हीच पोकळी ५-६ मिलिमीटर केली तर साखळी लुळी पडते, कडीवर कडी चढते आणि गळ्यात घालताना दर वेळी गाठ सोडवत बसावं लागतं. गोल कडीच्या साखळीला तारेच्या तिप्पट ते साडेतीनपट पोकळी मला सगळ्यांत चांगली वाटते. बोटावर टाकली की ती दोन्हीकडून सरळ खाली येते.

गुंतागुंतीची वीण असेल तर हे प्रमाण आणखी सांभाळावं लागतं. बायझंटाईन म्हणतात त्या विणीत कड्यांच्या जोड्या उलट्या दुमडून पुढच्या जोडीत अडकवतात, म्हणजे एका पोकळीत जास्त तारांची दाटी होते. तिथं साडेतीनच्या फार खाली गेलं की शेवटची कडी आत जाता जात नाही, आणि चारच्या वर गेलं की दुमडलेल्या कड्या जागा सोडतात, विणीचा आकार राहत नाही. दोन बारीक तारांना पीळ देऊन कडी करायची असेल तर हिशोब पिळाच्या जाडीचा करायचा, एका तारेच्या जाडीचा नाही.

२. लांबी पोकळी देते, वजन तार देते

साखळी ताणली की एका कडीची आतली कड पुढच्या कडीच्या आतल्या कडेला टेकते. त्यामुळं दर कडीमागं साखळी फक्त पोकळीएवढी पुढं सरकते. ३ मिलिमीटर पोकळीच्या १२७ कड्या म्हणजे ३८१ मिलिमीटर, बरोबर १५ इंच. तारेची जाडी फक्त दोन टोकांना मोजायची, आणि फासा वेगळा धरायचा. गिऱ्हाइकानं लांबी सांगितली की कड्या किती लागतील हे कागदावर आधीच निघतं. अंदाजानं जोडत जाऊन शेवटी कापायची वेळ येत नाही.

वजनाचं गणित याहून महत्त्वाचं. १ मिलिमीटर तारेची, ९२५ चांदीची ही १५ इंची साखळी साधारण १३ ग्रॅम भरते. तेच प्रमाण ठेवून ०.८ मिलिमीटर तार आणि २.४ मिलिमीटर पोकळी घेतली तर वजन ८.३ ग्रॅमवर येतं. तार पाव हिश्शानंही कमी झाली नाही, पण वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरलं. कड्या मात्र १२७ च्या १५९ झाल्या, म्हणजे ३२ जोड जास्त, ३२ वेळा झाळ जास्त, आणि डोळ्यांना ताणही जास्त.

म्हणून वजनावर ठरलेली मजुरी मला कधीच पटलेली नाही. बारीक काम करणारीच्या हातून कमी चांदी जाते, तिला पैसे कमी मिळतात, आणि कष्ट तिचेच जास्त असतात. कड्या जोडायचं बरंच काम घराघरांत बायका करतात. मजुरी कडीच्या संख्येवर ठरवा, हे मी जिथं बोलायला मिळेल तिथं बोलते.

३. तारेचा ताठा काढल्याशिवाय सळईला हात लावू नका

भोकांच्या पट्टीतून ओढून ओढून तार बारीक होते तशी ती ताठही होते. कड्या करायला तार सळईवर गुंडाळायची असते, आणि ताठ तार तिच्यावर नीट बसत नाही. गुंडाळून सोडली की उलगडते आणि ३ मिलिमीटरच्या सळईवरची कडी त्याहून मोठी भरते. थोडी मोठी तर मऊ तारेचीही भरते, पण दर वेळी तेवढीच, त्यामुळं सळई निवडताना ती धरता येते. ताठ तारेचा भरवसा नसतो. एकाच गुंडाळीतल्या कड्या लहानमोठ्या झाल्या तर पुढं कितीही सफाईनं जोडा, साखळी डोळ्याला खटकते.

तार मऊ करायची तर ती तापवून फिकट लालसर होऊ द्यायची आणि मग पाण्यात टाकायची. हा लालसर रंग उन्हात दिसत नाही. म्हणून आमच्याकडे तार तापवायचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवलेला आहे. शुद्ध चांदी ९६१ अंशांना वितळते, पण ९२५ मध्ये तांबं असल्यामुळं ती ८०० च्या आसपासच वितळू लागते. उजेडात बसून "अजून लाल दिसत नाही" म्हणत आच वाढवली, की तार कधी वितळून बसली ते कळतही नाही.

४. कातरीनं कापलेली कडी जुळत नाही

कातर तारेला दाबून तोडते, त्यामुळं टोकं चपटी आणि तिरपी होतात. करवतीनं गुंडाळी उभी कापली की दोन्ही टोकं सपाट मिळतात. पात्याच्या जाडीएवढी चांदी भुकटी होऊन जाते, पण ती घट मान्य करावी. खाली कातडं किंवा कागद धरला की भुकटी परत मुशीत जाते. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ धुऊन पोट भरणारे झारेकरी पूर्वी उगीच नव्हते.

कडी उघडताना दोन टोकं एकमेकांपासून लांब ओढायची नाहीत. एक टोक आपल्याकडे, दुसरं पलीकडे, असं बाजूला सरकवायचं. मिटवताना टोकं एकमेकांच्या थोडी पुढं नेऊन परत आणायची, म्हणजे ती एकमेकांवर दाब धरून राहतात. मग कडी उजेडाकडे धरायची. जोडातून उजेडाची रेघ दिसली तर ती झाळायला तयार नाही. झाळ फट भरत नाही, टेकलेल्या दोन कडांमध्येच ती धावते.

५. तीन, सात, पंधरा

एका टोकाकडून सुरू करून एकेक कडी जोडत आणि झाळत गेलं तर दर वेळी लांबच लांब शेपूट सांभाळावं लागतं. हात दमतो, आणि शेजारच्या जोडांना पुन्हा पुन्हा आच लागते. आमची पद्धत वेगळी. निम्म्या कड्या सुट्या मिटवून आधी झाळून घ्यायच्या. मग एका उघड्या कडीत दोन झाळलेल्या कड्या घालून ती मिटवायची. झाले तीन. तीन-तीनचे दोन तुकडे एका कडीनं जोडले की सात. सात-सातचे पंधरा. पुढं एकतीस, त्रेसष्ट, एकशे सत्तावीस.

वर १२७ कड्यांची साखळी सांगितली ती यासाठीच. तिच्यात ६४ कड्या सुट्या झाळायच्या, मग ३२, १६, ८, ४, २, आणि शेवटी मधली एक. काम जितकं नाजूक होत जातं तितके जोड कमी होत जातात. सुट्या ६४ कड्या कोळशावर ओळीत मांडून एका बैठकीत होतात. शेवटच्या मधल्या कडीला मात्र पूर्ण लक्ष द्यायचं. तिच्या दोन्ही बाजूंना त्रेसष्ट कड्यांचं काम लोंबत असतं. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलींना ही मांडणी एकदा दाखवली की त्या पुढं कुठल्याही लांबीची साखळी स्वतः तोडून बसवतात, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

६. जोड कुठं येतो ते आधी ठरवा

लांबट कडी दोन टोकांना घासते, कारण शेजारची कडी तिथंच फिरते. जोड टोकाला ठेवला तर दर पावलाला तो झिजतो. तो लांब बाजूच्या मधोमध ठेवावा. तिथं तो दिसतो खरा, पण कानशीनं साफ केला की कळत नाही.

टाकणखार जोडावर लावायचा, कडीभर फासायचा नाही. झाळेचा तुकडा मोहरीहून लहान पुरे. जास्त झाळ शेजारच्या कडीवर उतरते आणि दोन कड्या एकमेकींना चिकटतात. आच आधी पूर्ण कडीला द्यायची आणि शेवटी जोडावर आणायची, कारण झाळ जिकडे जास्त ऊब तिकडे पळते. आणखी एक, झाळेत जस्त असतं. तोच जोड परत परत तापवला की जस्त उडून जातं आणि ती झाळ आधीच्या आचेला वितळत नाही. मग माणूस आच वाढवतो आणि कडीच बसते. जोड पहिल्या वेळेलाच नीट मिटवलेला असेल तर हा प्रसंग येत नाही.

७. नक्षी कडीत नसते, कड्यांच्या क्रमात असते

मशीनच्या साखळ्या इटलीत विचेंझा आणि अरेझोला होतात तशा आता सगळीकडेच होतात, आणि एकसारखेपणात आपण त्यांच्या पुढं जाणार नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. हातानं काम करणारीकडे क्रम बदलायची मोकळीक आहे. तीन लहान कड्या आणि एक लांबट, हा फिगारोचा ठेका सगळ्यांना माहीत आहे. मी दोन गोल साध्या तारेच्या आणि एक लांबट पिळाची घेते. गोल कड्या लखलखतात, पिळाची कडी उजेड तुकड्यातुकड्यांनी परत देते, आणि त्या फरकानं साखळी लांबूनही ओळखू येते.

कर्ब साखळीत कड्या साध्याच असतात. जोडून झाल्यावर प्रत्येक कडीला पाव फेरा पीळ दिला की सगळी साखळी अंगाला सपाट बसते. मग दोन्ही तोंडं कानशीनं घासून चपटी करायची. आपल्या चंद्रहारात चपट्या वळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. तिथंही सगळी गंमत वळी किती चपटी आणि किती रुंद यावर आहे.

मला सगळ्यांत आवडते ती दुमडलेल्या कड्यांची साखळी. कडी झाळून ती लांबट ओढायची, मधे दुमडायची, आणि पुढची कडी तिच्या दोन्ही टोकांच्या फाशांतून काढायची. इथं उघडी कडी लागतच नाही. प्रत्येक कडी आधीच बंद केलेली असते, म्हणून साखळी पूर्ण झाल्यावर तिला आच लावावी लागत नाही. शुद्ध चांदीची किंवा शुद्ध सोन्याची कडी असेल तर झाळही लागत नाही, नेमक्या आचेला टोकं आपणच एक होतात. इराकमधल्या उर शहराचं उत्खनन लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात केलं, तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या अशा साखळ्या निघाल्या. विणून झाल्यावर लाकडाच्या पट्टीतल्या भोकांतून ओढली की वीण एकसारखी आणि मऊ होते. हे मी आजही तसंच करते.

८. पैंजण दोन असतात

गळ्यातली साखळी अर्धा इंच इकडं तिकडं चालते. पैंजणाची जोड चालत नाही. दोन्ही पायांत कड्या सारख्या, वजन सारखं, घुंगरांचं अंतर सारखं पाहिजे. दोन्ही पैंजणांच्या कड्या एकाच गुंडाळीतून कापा. वेगवेगळ्या दिवशी ओढलेली तार एका जोडीत घालू नका. टंचही एकच असू दे, नाहीतर वर्षभरानं एक पाय उजळ आणि एक काळपट दिसतो.

९. घुंगराची कडी झाळलीच पाहिजे

साखळी मधेच तुटते असं वाटतं. बहुतेक वेळा आधी गळतं ते घुंगरू, कारण त्याची बारीक कडी नुसती दाबून मिटवलेली असते. फाशाशेजारची कडीही तशीच. या दोन जागांना मी साखळीपेक्षा एक गेज जाड तार वापरते आणि दोन्ही झाळते.

१०. उजाळा देताना सुटी साखळी फिरत्या चाकाला लावू नका. चाकानं ती ओढून घेतली तर बोटही जातं. ती लाकडी फळीवर गुंडाळून धरा, नाहीतर सरळ रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं घासा.

११. जुन्या पातळाचा पदर

साखळी दुकानात द्यायच्या आधी मी ती जुन्या पातळाच्या पदरावरून दोन्ही दिशांनी ओढून बघते. एखाद्या जोडाला बारीकसा काटा राहिला असेल तर तो लगेच सूत धरतो. भिंगातून जे सुटतं ते पदर पकडतो. पैंजण तर दिवसभर साडीच्या काठाला लागत असतं. घालणाऱ्या बाईचा काठ उसवला तर दागिना कितीही देखणा असला तरी ती तो डब्यात ठेवून देते.

१२. दुरुस्तीला आलेली साखळी आधी मोजा

तुटलेली एक कडी बदलून देणं सोपं आहे. पण वापरलेल्या साखळीत प्रत्येक कडी टोकाला झिजलेली असते. कॅलिपर लावून तिथली तार बघा. मूळ जाडीच्या निम्मी राहिली असेल तर एक जोड झाळून उपयोग नाही, पुढच्या महिन्यात शेजारची तुटेल. अशा वेळी गिऱ्हाइकाला झिजलेली कडी दाखवून खरं सांगावं आणि साखळी आटवून नवी करून द्यावी. म्हणून मी केलेल्या प्रत्येक साखळीची एक जास्तीची कडी दोऱ्यात ओवून ठेवते, आणि तिला चिठ्ठी बांधते: तार किती, सळई किती, कड्या किती, टंच किती. कोणाची लेक आईची साखळी घेऊन आली तर तीच साखळी, त्याच मापाची, परत उभी करता येते.