गाठ साधी निघाली, पण यकृताचं काय?

अनेक वर्षं दारू घेणाऱ्याच्या सोनोग्राफीत ‘यकृतात दीड सेंटिमीटरची गाठ’ असं लिहून आलं की घरच्यांचा धीर सुटतो. ही भीती अनाठायी नाही. सिरोसिस झालेल्या, म्हणजे तंतूंचं जाळं पसरून कडक झालेल्या, यकृतात कॅन्सरचा धोका वाढलेलाच असतो. पण त्याच यकृतात निरुपद्रवी गाठीही होतात. दारूमुळे यकृतात कडक तंतूंचं जाळं पसरतं, पोर्टल शिरेचं रक्त अडतं आणि काही भागांना धमनीचं रक्त जास्त मिळू लागतं. तिथल्या पेशी वाढून अशी साधी गाठ बनते, असं मानलं जातं. सोनोग्राफीत साधी आणि कॅन्सरची गाठ सारख्या दिसू शकतात, म्हणून गाठीत रक्त कसं खेळतं ते पाहावं लागतं. ट्रायफेजिक (तीन टप्प्यांतल्या) सीटी किंवा एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर सुरुवातीला दोन्ही उजळू शकतात. पुढच्या काही मिनिटांत कॅन्सरची गाठ बहुधा भोवतीच्या यकृतापेक्षा काळपट पडते, साधी गाठ सहसा पडत नाही. ‘बहुधा’ आणि ‘सहसा’ मी मुद्दाम लिहितो आहे, कारण अपवाद दोन्हीकडे आहेत. शंका उरली तर यकृतपेशी शोषून घेतात असं कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करतात. साधी गाठ ते सुमारे 20 मिनिटांनीही धरून ठेवते, कॅन्सरची बहुतेक वेळा नाही.

मग थेट बायोप्सीच का नको? कधी ती करावीच लागते. पण सिरोसिसमध्ये प्लेटलेट अनेकदा कमी असतात, रक्तस्रावाची जोखीम असते आणि सुईला नेमका भाग लागला नाही तर ‘कॅन्सर नाही’ या रिपोर्टवर विसंबता येत नाही. यकृताच्या कॅन्सरसाठी रक्तात तपासलं जाणारं एएफपी नॉर्मल आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नये. कॅन्सर असूनही ते नॉर्मल येऊ शकतं.

‘गाठ साधी आहे, मग थोडी घेतली तर काय बिघडलं?’ हा प्रश्न हमखास येतो. रिपोर्टने निर्वाळा दिला तो गाठीचा, यकृताचा नव्हे. दारू बंदच हवी. रोज भरपूर घेणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, एकाएकी सोडल्यास फिट्स येऊ शकतात. सोडल्यानंतर कॅन्सरचा धोका हळूहळू घटतो, शून्य होत नाही, त्यामुळे सिरोसिस असेल तर दर 6 महिन्यांची सोनोग्राफी चालूच ठेवावी. सापडलेल्या गाठीचा पुढचा स्कॅन कधी, हे डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या आणि जाताना जुन्या स्कॅनची सीडी न्या. गाठ वाढली की नाही, हे नुसत्या रिपोर्टवरून नीट ठरवता येत नाही.