वर्णमालेतील विरळ अक्षरे

शास्त्राध्ययनाची पहिली पायरी अक्षर होय. पद अक्षरांचे, वाक्य पदांचे आणि निरूपण वाक्यांचे बनते. यास्तव ज्याचा अक्षरविवेक कच्चा, त्याचा अर्थविवेक दृढ होणे कठीण. बालपणी आपण सर्वांनी वर्णमाला मुखोद्गत केली. परंतु तीतील काही अक्षरे त्यानंतर क्वचितच भेटली. ऋ, ॠ, ऌ, ॡ हे स्वर. ङ, ञ ही अनुनासिके. आणि ऽ हे अवग्रहाचे चिन्ह ही त्यांपैकी होत. ष हा वर्ण लेखनात आहे, पण उच्चारातून जवळजवळ गेला आहे. ळ हा आपल्या नित्याचा, पण उत्तरेकडील नागरी लेखनात विरळ. ही अक्षरे कोठे येतात, का येतात आणि ती टाकल्यास काय बिघडते, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. उदाहरणे शक्य तेथे श्रीमद्भगवद्गीतेतील शब्दांची घेतली आहेत, कारण ती वाचकांच्या नित्यपाठातील आहेत.

१. ऋ आणि ॠ

ऋ हा स्वर आहे, व्यंजन नव्हे. मराठीत त्याचा उच्चार 'रु' सारखा व हिंदीत 'रि' सारखा होतो. मूळ स्वराचा उच्चार लोकव्यवहारातून गेला, तरी त्याचे कार्य गेलेले नाही. 'गृह' म्हणजे घर आणि 'ग्रह' म्हणजे घेणे, धरणे. आकाशस्थ ग्रहही तोच शब्द. 'पृथा' हे कुंतीचे नाव आणि 'प्रथा' म्हणजे रूढी. पार्थ हा पृथेचा पुत्र आहे, प्रथेचा नव्हे. तसेच 'अनुग्रह' या नामात र आहे, पण ज्याच्यावर अनुग्रह झाला तो 'अनुगृहीत'. ग्रह् धातूला हा प्रत्यय लागला असता र चा ऋ होतो, असा व्याकरणाचा नियम आहे. 'अनुग्रहीत' असे लेखन पुष्कळ ठिकाणी दिसते, ते अशुद्ध होय.

दीर्घ ॠ मराठीच्या स्वतःच्या शब्दांत येत नाही. संस्कृतात तो मुख्यतः ऋकारान्त नामांच्या बहुवचनी रूपांत भेटतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात 'पितॄन्' हे द्वितीयेचे रूप आहे आणि दहाव्या अध्यायात विभूती सांगताना 'पितॄणाम्' हे षष्ठीचे रूप आले आहे. पाठ करणाराने येथे स्वर दीर्घ म्हणावा. तो ऱ्हस्व केल्यास मात्रा उणी होते व छंद ढळतो.

२. ऌ आणि ॡ

वर्णमालेतील अत्यंत विरळ स्वर कोणता, असे विचारल्यास ऌ हे उत्तर द्यावे लागेल. व्यवहारातील संस्कृत शब्दांपुरते पाहिले तर या स्वराचा संसार जवळजवळ एकाच धातूवर चालतो. तो धातू 'कॢप्', अर्थ समर्थ होणे, जुळणे. त्यापासून 'कॢप्त' व 'कॢप्ति' हे शब्द झाले आणि मराठीत 'क्लृप्ती' म्हणजे युक्ती हा शब्द आला. 'क्लृप्ती' असे आपण लिहितो तेव्हा डोळ्यांना क्, ल्, ऋ असे तीन वर्ण दिसतात. व्याकरणदृष्ट्या मात्र तेथे क् आणि ऌ असे दोनच आहेत.

एका धातूपुरता हा स्वर कशास ठेवावा, अशी शंका कोणी घेईल. समाधान असे की, ऋ चा गुण जसा अर् होतो, तसा ऌ चा गुण अल् होतो. 'कृ' पासून 'करण' व 'कर्म', त्याचप्रमाणे 'कॢप्' पासून 'कल्प', 'कल्पना', 'संकल्प', 'विकल्प'. म्हणजे जो स्वर आपणास कोठेच दिसत नाही असे वाटते, तो मनाच्या प्रत्येक संकल्पाच्या मुळाशी आहे. मूळ झाकलेले असले म्हणून झाड निर्मूळ ठरत नाही.

दीर्घ ॡ ची गोष्ट निराळी आहे. तो कोणत्याही प्रचलित शब्दात येत नाही. वर्णमालेच्या मांडणीत ऱ्हस्वापुढे दीर्घ असावा म्हणून तो लिहिला जातो. वैयाकरणांनी हे नेमके टिपले आहे. अ, इ, उ, ऋ यांचे ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत इत्यादी भेदांनी प्रत्येकी अठरा प्रकार होतात. ऌ ला दीर्घ नसल्यामुळे त्याचे बाराच होतात, अशी गणना भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीत केली आहे.

३. ङ आणि ञ

क वर्गातील पाचवा वर्ण ङ आणि च वर्गातील पाचवा ञ. अंक, शंख, गंगा, संघ या शब्दांत अनुस्वाराच्या रूपाने आपण ङ चाच उच्चार करतो. पंच, संजय, वांछा यांत ञ चा. मराठीत परसवर्णाऐवजी अनुस्वार लिहिण्याची रूढी असल्याने ही अक्षरे दृष्टीआड झाली. परंतु एक ठिकाण असे आहे की, जेथे अनुस्वार चालत नाही. 'वाक्' या शब्दापुढे 'मय' आले असता क् चा त्याच वर्गातील अनुनासिक वर्ण ङ् होतो आणि 'वाङ्मय' हा शब्द सिद्ध होतो. याच नियमाने 'षट्' व 'मास' मिळून 'षण्मास' होतो. तो शब्द गीतेच्या आठव्या अध्यायात उत्तरायण-दक्षिणायनाच्या प्रसंगी आहे. 'जगत्' व 'नाथ' मिळून 'जगन्नाथ' होतो. 'पराङ्मुख' हाही असाच शब्द.

'वाङ्मय' हा शब्द आज ग्रंथसमूह या अर्थी रूढ आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात मात्र तो तपाचे विशेषण आहे. शरीराचे, वाणीचे व मनाचे अशी तपाची त्रिविध मांडणी तेथे आहे व वाणीच्या तपास 'वाङ्मय' म्हटले आहे. हा शब्द कित्येकदा 'वाड्मय' असा छापला व वाचला जातो. ङ च्या पुढील बिंदू गळाला की त्याचा ड होतो, आणि वाणी या अर्थाचा 'वाक्' शब्द ओळखूच येईनासा होतो.

ञ चे मराठीतील मुख्य वसतिस्थान 'ज्ञ' हे जोडाक्षर होय. ते ज् आणि ञ यांचे मिळून झाले आहे. त्याचा उच्चार मराठी माणूस 'द्न्य' असा करतो, हिंदी भाषक 'ग्य' असा, गुजराती 'ग्न' असा. पंजाबकडील आपले जयकृष्णी बंधू 'ग्यान' म्हणतात व आपण 'द्न्यान' म्हणतो. दोघांचाही उच्चार मूळ ज्ञकाराचा नाही, म्हणून एकाने दुसऱ्यास हसण्याचे कारण नाही; दोघांचे लेखन एक आहे व अर्थही एक आहे. केरळात हा वर्ण मुळीच विरळ नाही. मलयाळम भाषेत 'मी' या अर्थी 'ञान्' हा शब्द आहे. तेथील बालक स्वतःचा उल्लेख करते तो ञकाराने. यावरून हे ध्यानी यावे की, विरळपणा हा अक्षराचा स्वभाव नसून भाषेपरत्वे येणारी अवस्था आहे.

४. ष

'श' चे स्थान तालू, 'ष' चे मूर्धा, 'स' चे दंत. श आणि ष यांचा उच्चार आज बहुतेक एकच होतो, पण लेखनात भेद राखावाच लागतो. 'विशद' म्हणजे स्पष्ट. 'विषद' म्हणजे विष देणारे. सूत्राची 'विषद टीका' केली, असे कोणी लिहिले तर त्याने आपल्याच टीकेची निंदा केली असे होईल. टीकाकारांनी व प्रतलेखकांनी हा एक शब्द तरी कायमचा ध्यानात ठेवावा.

ष चा ऋ शी व ण शी निकटचा संबंध आहे. ऋ, र आणि ष यांच्यानंतर त्याच संस्कृत पदात न आला तर त्याचा ण होतो. मध्ये स्वर, क वर्ग, प वर्ग, य, व, ह असले तरी चालते. कारण, भूषण, ऋण, कृपण ही उदाहरणे. मध्ये च, ट किंवा त वर्गातील वर्ण आला तर हे परिवर्तन थांबते, जसे 'रचना'. म्हणून 'श्रीकृष्ण' या नामात ण आहे आणि 'अर्जुन' या नामात, र असूनही, मध्ये ज आल्यामुळे न च राहिला आहे. कृष्ण या नामातील ऋ, ष आणि ण हे तिन्ही वर्ण एकाच मूर्धास्थानी उच्चारले जातात.

पोथ्यांच्या वाचकास येथे आणखी एक सूचना द्यावयाची आहे. जुन्या हस्तलिखितांत ख च्या जागी ष लिहिलेला पुष्कळदा आढळतो. याचे एक कारण लिपीतच आहे. जुन्या वळणाचा ख हा 'र' आणि 'व' असा सुटा दिसे. 'खाना' आणि 'रवाना' यांत घोटाळा होई. ष लिहिला की तो टळे. गुरुमुखी लिपीतील ख चे रूपही आपल्या ष सारखेच आहे. म्हणून पोथीत 'दुष' किंवा 'सुष' असे दिसल्यास ते अनुक्रमे 'दुख' व 'सुख' असे वाचावे. परंतु 'पुरुष', 'विषय', 'शेष' येथे ष हा ष च आहे. कोठे काय, हे प्रसंग व अर्थ पाहूनच ठरते. ही खूण ठाऊक नसलेला वाचक एकतर अडखळतो, नाहीतर नवाच शब्द कल्पून बसतो.

५. ळ

ळ हा वर्ण मराठीत विपुल आहे, पण शब्दाच्या आरंभी तो येत नाही. अभिजात संस्कृतात तो नाही. ऋग्वेदात मात्र दोन स्वरांमध्ये आलेल्या ड च्या जागी तो येतो. त्या वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'ईडे' ऐवजी 'ईळे' असे रूप आहे. मराठीतील ळ बहुधा संस्कृतातील दोन स्वरांमधल्या एकेरी ल पासून आला. फल-फळ, कमल-कमळ, सकल-सकळ, वेला-वेळ. जेथे प्राकृतात ल दुहेरी होता, तेथे मराठीत ल च राहिला. 'कल्य' या शब्दाचे प्राकृतात 'कल्ल' होऊन मराठीत 'काल' झाले, म्हणजे मागचा दिवस. संस्कृत 'काल' या शब्दाचे मराठीत 'काळ' झाले, म्हणजे समय. अशा रीतीने काल व काळ, वेल व वेळ हे भेद मराठीने स्वतः घडविले. श्रीनागदेवाचार्यांनी ज्या मराठीचा आग्रह धरला, तिच्या ठेव्यातील हे एक लहानसे नाणे आहे.

६. अवग्रह

ऽ हे अक्षर नव्हे, अक्षराच्या लोपाची खूण आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात अक्षरांमधील अकार ही भगवंतांनी आपली विभूती सांगितली आहे. तेथील 'अकारोऽस्मि' या रूपात 'अस्मि' तील अकार उच्चारात लोपला आहे व त्याच्या जागी केवळ अवग्रह उरला आहे.

हे चिन्ह गाळल्याने काय होते ते पाहा. 'ततः' म्हणजे त्यानंतर. त्यापुढे 'धर्मः' आल्यास 'ततो धर्मः' असे होते. त्यापुढे 'अधर्मः' आल्यास 'ततोऽधर्मः' असे होते. उच्चार दोहोंचा एकच, अर्थ परस्परविरुद्ध. जुन्या हस्तलिखितांत अवग्रह अनेकदा लिहिलेलाच नसतो. अशा ठिकाणी धर्म म्हणावे की अधर्म, हे पूर्वापर संदर्भानेच ठरवावे लागते.

७. शंका व समाधान

शंका : जी अक्षरे वर्षातून दोनदाही लागत नाहीत, ती नव्या विद्यार्थ्यांस शिकविण्याचे श्रम का करावेत?

समाधान : जे नित्य येते ते आल्याने विशेष काही कळत नाही, जे क्वचित येते ते आले की पुष्कळ कळते. 'क' दिसल्याने शब्द ओळखता येत नाही, पण 'ङ्म' दिसताच 'वाङ्मय' किंवा 'पराङ्मुख' मनात उभे राहतात. नवव्या शतकात बगदाद येथील अल्-किंदी या विद्वानाने गुप्तलेखन उलगडण्याची जी रीत लिहून ठेवली, ती याच तत्त्वावर आहे. भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजावे आणि गुप्तलेखनातील चिन्हांच्या संख्येशी ताडून पाहावे, अशी ती रीत. आपल्या पंथाच्या सकळ लिपीतही एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह ठेवण्याची योजना आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा उलगडा अभ्यासकांपुढे ठेवला. अशा कोणत्याही लेखनात नित्याची अक्षरे लवकर सापडतात, विरळ अक्षरे शेवटपर्यंत अडवितात. ज्यास ती ठाऊकच नाहीत, त्याची पोथी तेथेच थांबते.

वर्णमाला गोठलेली आहे असेही नाही. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ आणि ऑ या स्वरांना मराठी वर्णमालेत स्थान मिळाले. नवे घेण्यास हरकत नाही; जुने विसरण्यात मात्र हानी आहे, कारण नव्या पुस्तकाची प्रत पुन्हा छापता येते, जुन्या पोथीचा वाचक मात्र घडवावा लागतो.

८. उजळणीसाठी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मराठीतील कोणत्या शब्दात ऌ हा स्वर प्रत्यक्ष आहे?
उत्तर : क्लृप्ती.

प्रश्न : प्रचलित शब्दांत मुळीच न येणारा स्वर कोणता?
उत्तर : ॡ.

प्रश्न : 'ज्ञ' मध्ये कोणते दोन वर्ण आहेत?
उत्तर : ज् आणि ञ.

प्रश्न : 'कृष्ण' मध्ये ण, पण 'अर्जुन' मध्ये न का?
उत्तर : 'कृष्ण' मध्ये ष नंतर लगेच न आल्याने त्याचा ण झाला, 'अर्जुन' मध्ये ज आडवा आला.

प्रश्न : 'सूत्राचा अर्थ विषद केला' या वाक्यात दोष कोणता?
उत्तर : 'विशद' असे हवे.

ज्यांच्या घरी किंवा आश्रमात जुन्या पोथ्या आहेत, त्यांनी या चातुर्मासात एक पान समोर घेऊन त्यातील ष, ळ, ऋ आणि अवग्रहाची स्थळे निवडून काढावीत, आणि जाणत्या वृद्धांकडून ती तपासून घ्यावीत. अक्षर ओळखणारा एक जरी तरुण वाचक यातून तयार झाला, तरी त्या पोथीचे आयुष्य एका पिढीने वाढले असे होईल. दंडवत प्रणाम.