दिग्दर्शक अडतो कुठे? : ‘आकालेर संधाने’च्या निमित्ताने

दिग्दर्शकाच्या सर्जनातील अडचणींवरचे चित्रपट म्हटले की प्रथम फेडेरिको फेलिनीचा ‘एट अँड अ हाफ’ (१९६३) आठवतो. त्याचे नाव म्हणजे साधा हिशेब आहे. आधीचे सहा चित्रपट, अर्धे-अर्धे धरलेले दोन लघुपट आणि एक सहदिग्दर्शित, तोही अर्धाच, असे साडेसात झाले होते. म्हणून हा साडेआठवा. त्यातील ग्विदोजवळ निर्माता आहे, नट आहेत, अंतराळयानाचा अवाढव्य सांगाडाही उभा आहे. नाही ती सांगण्याजोगी गोष्ट. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मधील (१९५९) सुरेश सिन्हाचे दुखणे निराळे. काय करायचे ते त्याला ठाऊक असते, पण संसार मोडतो, मुलगी दुरावते आणि चित्रपट पडल्यावर स्टुडिओ पाठ फिरवतो. त्याला सर्जनाचा चित्रपट म्हणायला मी कचरतो.

मृणाल सेन यांचा ‘आकालेर संधाने’ (१९८०) या दोघांच्या पंगतीला सहसा बसवला जात नाही. मला तो तिथे हवासा वाटतो, कारण इथला अडथळा दिग्दर्शकाच्या मनात नाही, बाजारातही नाही. ज्यांचे दुःख चित्रित करायचे, त्या माणसांत तो आहे.

१९४३च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढायला कलकत्त्याहून एक चमू सप्टेंबर १९८०मध्ये हातुई या खेड्यात येतो. दिग्दर्शक झाले आहेत धृतिमान चटर्जी. नायिका आपली स्मिता पाटील, आणि चित्रपटातही ती स्मिता पाटीलच आहे. रिकाम्या वेळी ही मंडळी दुष्काळाची छायाचित्रे पाहून साल ओळखण्याचा खेळ खेळतात. हाडे वर आलेल्या देहांवरून अंदाज बांधायचे! मला या चित्रपटातला सर्वांत अवघड प्रसंग हाच वाटतो, कारण खेळणारी माणसे दुष्ट नाहीत. चांगली, वाचणारी, कळवळ्याची आहेत.

चमूच्या खरेदीने बाजारभाव चढतात. दुष्काळाची चित्रे घ्यायला आले आणि नवाच दुष्काळ करून बसले, अशी कुजबुज सुरू होते. तरी गाव सांभाळून घेते. जात्रेत, म्हणजे बंगालच्या लोकनाट्यात, एकेकाळी कामे केलेला हरेन तर त्यांच्यासाठी धावपळ करतो. पेच पडतो तो निराळ्याच कारणाने. पोटासाठी देह विकणाऱ्या स्त्रीची भूमिका करणारी नटी निघून जाते आणि दिग्दर्शक त्या कामासाठी गावातलीच मुलगी शोधू लागतो. गाव बिथरते. शहराला जी ‘भूमिका’ वाटते, ती गावाला अब्रू वाटते. शिवाय त्या वर्षी कुणाचे घर बुडाले आणि कुणाचे वर आले, हे इथे कुणी विसरलेले नाही.

दुर्गा ही गावातली गरीब बाई चमूकडे कामाला असते. दुष्काळातला एक प्रसंग चित्रित होताना पाहून ती एकाएकी किंचाळते. तिच्या दृष्टीने ते नाटक नसते.

शाळेचे मास्तर उरलेले काम स्टुडिओत जाऊन करण्याचा सल्ला देतात आणि चमू गाशा गुंडाळतो. फेलिनीने ग्विदोच्या न झालेल्या चित्रपटाचा शेवट रिंगण धरून नाचणाऱ्या माणसांनी केला. सेन यांच्या पडद्यावर उरतो दुर्गाचा चेहरा. तो मागे मागे जात अंधारात लहान होतो आणि कोरड्या आवाजात निवेदन येते : मूल गेले, नवरा कुठे गेला कळत नाही, दुर्गा आता एकटी आहे.